बाकी नेहमीचं टाका

माझी डावी किडनी काढली त्याला आता दोन वर्षं होत आली. मी बरी आहे. कामावर जाते, जिने चढते, तिखट खाते. हे आधीच सांगून टाकते, कारण सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेल्या एखाद्या बाईच्या हातात हे पडलं तर तिने पहिल्याच ओळीला धसका घेऊ नये. घाबरायचं नाही. पण माझ्यासारखं गप्पही बसायचं नाही. मी आठ महिने गप्प बसले.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. भंडारा जिल्ह्यातलं गाव, घरी धानाची थोडी शेती. लग्न झाल्यावर काही वर्षांनी नवऱ्याला पुण्यात काम लागलं, खराडीच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं, आणि आम्ही येरवड्यात एक खोली घेतली. पुढे त्याच इमारतीच्या कँटीनमध्ये मला पोळ्यांचं काम मिळालं. मुलगी तेव्हा सातवीत होती. एवढंच आमचं बिऱ्हाड. बाकी सगळी माणसं आठशे-नऊशे किलोमीटर लांब.

होळीच्या आसपासची गोष्ट. कँटीनच्या बाथरूममध्ये लघवी लाल झाली. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसती लाल. मला वाटलं आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, त्याचंच असेल. पण बीट तर चार दिवसांपूर्वी खाल्लं होतं. मी पाणी टाकलं, हात धुतले, आणि उरलेल्या दीडशे पोळ्या केल्या.

पहिले डॉक्टर

आम्ही गेलो ते एका ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल. गरिबांसाठी सवलत आहे, माणसं वाईट नाहीत, फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटते. सोनोग्राफीच्या दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी होती. त्यावरचं नाव खरवडलेलं होतं आणि त्या जागी टेपने एक कागद चिकटवला होता. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर कळलं की त्या विभागाला बऱ्याच काळापासून कायमचा डॉक्टरच नव्हता. डॉक्टर यायचे, दिवसाच्या हिशोबाने काम करायचे आणि जायचे. कुणी दोन महिने, कुणी दोन आठवडे.

दारात एक आयाबाई उभी असायची. तिने विचारलं, "पाळी कधी आली होती?"

मी म्हटलं, "पिशवी काढलीये. सहा वर्षं झाली." गावाकडे असताना अंगावरून फार जायचं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरने गर्भाशयच काढून टाकलं होतं. आमच्याकडे अर्ध्या बायकांचं असंच.

तिने चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी दाराच्या खिळ्याला अडकवली. ती चिठ्ठी आत गेली असेल असं मी धरून चालले.

आतले डॉक्टर तरुण होते. खुर्चीवर त्यांचं हेल्मेट. पोटावर तो थंड चिकट पदार्थ लावला, श्वास घ्या, धरा, सोडा, कूस बदला. मग लाकडी पार्टिशनच्या पलीकडे बसलेल्या टायपिस्टला मोठ्याने सांगितलं, "डाव्या किडनीत सहा एमएमचा खडा. बाकी नेहमीचं टाका."

मी पडल्यापडल्या ऐकलं आणि मला बरं वाटलं. बाकी नेहमीचं, म्हणजे बाकी सगळं ठीक, असं मी समजले. बाहेर येऊन नवऱ्याला तसंच सांगितलंही.

खडा पडला

भरपूर पाणी प्यायले. दीड महिन्याने पुन्हा बोलावलं होतं. दारावरचा कागद बदलला होता, नाव बदललं होतं, आत आता एक मॅडम होत्या. मी पिशवीतून आधीचा रिपोर्ट आणि फोटो काढला.

"मॅडम, हे मागचे—"

"असू दे, असू दे. मला मशीनवर दिसतंय."

पाच मिनिटं. "खडा नाहीये. पडला असेल."

"मग लघवी मधूनमधून लाल का होते?"

"ते ओपीडीत विचारा."

ओपीडीत विचारलं. तिथल्या डॉक्टरने रिपोर्टची शेवटची ओळ वाचली आणि म्हणाला, "नॉर्मल आहे की. खडा पडताना ओरखडा उठतो. जाईल."

त्या दिवशी मी कँटीनमध्ये पेढे वाटले. आज आठवलं की अंगाची लाहीलाही होते. पोटात गाठ घेऊन मी पेढे वाटत होते, आणि त्या खोलीत मला तपासणाऱ्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

कुलूप

पावसाळ्यात पुन्हा लाल झालं. या वेळी गुठळी होती. सुट्टी टाकून गेले तर सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप. मशीन आत, लाइट आहे, नवे डॉक्टर समोरच्या बाकावर मोबाइल बघत बसलेले, आणि पेशंटची रांग बाहेर.

काउंटरवर साठेकाका म्हणून एक गृहस्थ होते. तेच आतले टायपिस्ट. साठीला आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, बोलणं असं की समोरच्याने पुन्हा विचारूच नये.

मी विचारलं, "काका, खोली कधी उघडणार?"

"डॉक्टरांचं नाव महापालिकेच्या कागदावर चढलं की."

"म्हणजे कधी?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे टाइप करत बसलो असतो का?"

मुलींचे गर्भ पाडले जाऊ नयेत म्हणून कुठल्या मशीनवर कुठला डॉक्टर, हे आधी नोंदवावं लागतं. कायदा चांगलाच आहे. मला स्वतःला एकच मुलगी आहे, मी त्या कायद्याला नावं ठेवणार नाही. पण दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलायचा आणि दर वेळी कागदाची वाट बघत पेशंटला परत पाठवायचं, यात कायद्याचा काय दोष? मी तीनदा परत गेले. तीन वेळा पगार कापला गेला. तिसऱ्यांदा माझ्या मागे लोणी काळभोरहून आलेले एक आजोबा होते. ते बाकावर बसलेल्या डॉक्टरांना म्हणाले, "तुमी हाय, मी हाय, मशीन हाय. मंग आडलंय कुठं?" डॉक्टर बिचारे ओशाळून हसले. 

अखेर खोली उघडली. हे तिसरे डॉक्टर. "पाण्याची गाठ आहे किडनीवर. दोन सेंटिमीटर. अशी अनेकांना असते. तीन महिन्यांनी या." मग पार्टिशनकडे तोंड करून, "बाकी नेहमीचं."

घरी मी हे सांगितलं आणि नवरा भडकला. तसा तो शांत माणूस. पण गेटवर बारा तास उभं राहून आलेला.

"एक म्हन्ते खडा हाय, एक म्हन्ते काही नाही, एक म्हन्ते पान्याची गाठ. तुह्या पोटात सर्कस हाय का व?"

"मी काय करू? मी थोडीच मशीन धरते?"

"तू खरं सांग, दुखते का?"

"नाही दुखत."

"मंग?"

त्या "मंग"ने मला रडू आलं. दुखत नाही म्हणजे आजार नाही, असं त्याचं सरळ गणित. आणि त्याच्या बाजूने तीन डॉक्टरांचे कागद होते. माझ्या बाजूने नुसती लाल लघवी, आणि ती मी दाखवणार कुणाला? मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती, पण तिने कितीतरी वेळ पान उलटलं नाही.

माय फोनवर म्हणाली, "वापस ये वं बाई. तिथं तुले पाहाले कोन हाय?" मी म्हटलं, मोठी हॉस्पिटलं तर इथेच आहेत. ती म्हणाली, "मोठ्या हास्पिटलात मानूस बी पाह्यजे ना." माझी माय शाळेत कधी गेली नाही.

पूर्वाने वाचलेली ओळ

रिपोर्ट इंग्रजीत असतात. मला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. कँटीनमध्ये पूर्वा नावाची एक मुलगी यायची, टेस्टिंगमध्ये होती, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हीच तिची नोकरी. मला मावशी म्हणायची. एका दुपारी मी तिन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. एकदा नीट समजावून सांग म्हटलं.

ती चहा पीत वाचत गेली. "लिव्हर नॉर्मल. स्प्लीन नॉर्मल. ब्लॅडर ओके. युटेरस, म्हणजे गर्भाशय, नॉर्मल साइझचं आहे, गाठबिठ नाही. गुड."

मी म्हटलं, "काय नॉर्मल?"

"गर्भाशय."

"कुणाचं?"

"मावशी, तुमचं. तुमचंच नाव आहे वर."

"अगं, माझं गर्भाशय काढून सहा वर्षं झाली."

तिने कप खाली ठेवला. मग तिने दुसरा कागद काढला, मग तिसरा. तिन्हींवर तीच ओळ, कानामात्रेचा फरक नाही. "हे कॉपी-पेस्ट आहे," ती हळूच म्हणाली. "मावशी, धिस इज नॉट ओके. आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याला काढतात."

मला आधी हसू आलं. खरंच हसले मी. आणि मग एकदम लक्षात आलं. जे नाही ते यांना दिसलं. मग जे आहे ते कुणाला दिसलं असेल?

तिने तिसऱ्या कागदाचा तळही वाचून दाखवला. तिथे लिहिलं होतं: तुलनेसाठी जुने फोटो उपलब्ध नाहीत.

उपलब्ध नाहीत! जुने फोटो माझ्या मांडीवर होते. दारापासून चार हातांवर मी ती पिशवी घेऊन तीन तास बसले होते. कुणी मागितले असते तर मी धावत दिले असते.

साठेकाका

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर गेले. आयुष्यात मी कुणा शिकलेल्या माणसावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"काका, हे तुम्ही टाइप केलं?"

"सगळे मीच करतो."

"माझं गर्भाशय तुम्ही कुठून आणलं?"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. काकांनी चष्मा वर केला, कागद घेतला, वाचला. एखादा तिरकस शब्द येणार म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही.

"आत या," ते म्हणाले.

पार्टिशनमागे त्यांचा कॉम्प्युटर. त्यांनी मला दाखवलं. बाईचा एक तयार कागद, पुरुषाचा एक तयार कागद, त्यात सगळं नॉर्मल भरून ठेवलेलं. डॉक्टर जेवढं वेगळं सांगतील तेवढं बदलायचं. "आमचे जुने डॉक्टर होते ना," काका म्हणाले, "ते छापून झालेला कागद पुन्हा मागवायचे. ओळ न् ओळ वाचून मगच सही. चूक सापडली तर माझी खरडपट्टी. ते गेले. आता जे येतात त्यांना दिवसाला साठ पेशंट आणि संध्याकाळी दुसरं हॉस्पिटल. गठ्ठा पुढे ठेवतो, सह्या करतात."

"आणि तुम्ही?"

"मी टायपिस्ट आहे, बाई." मग आवाज खाली आणून, "पण तुमचं नाव मला तिसऱ्यांदा ओळखीचं वाटलं होतं. खडा, मग काही नाही, मग गाठ. मला वाटलं होतं काहीतरी बोलावं. बोललो नाही. माझं चुकलं."

या संपूर्ण प्रकरणात "माझं चुकलं" म्हणणारा माणूस मला तो एकच भेटला. मी त्यांच्यावर रागावले होते आणि आजही थोडी आहे. पण त्या माणसाने त्याच वेळी तिन्ही रिपोर्ट आणि फोटो तारखेप्रमाणे लावले, एका फायलीत घातले आणि म्हणाले, "बुधवारी लघवीच्या विकारांचे सर्जन येतात. ते पंधरा वर्षं इथे आहेत. त्यांना शेवटची ओळ वाचू देऊ नका. फोटो उजेडावर धरायला लावा."

निदानाचा दिवस

सर्जननी फोटो खिडकीच्या उजेडात धरले. पहिला, दुसरा, तिसरा. मग पुन्हा पहिला. सीटी स्कॅन लिहून दिला. स्कॅन झाल्यावर रिपोर्टची वाट न बघता ते स्वतः खाली स्कॅन बघायच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि तिथल्या डॉक्टरांबरोबर पडद्यासमोर उभे राहिले. वर आल्यावर आम्हाला दोघांना बसवलं.

"बाई, ही पाण्याची गाठ नाही. भरीव आहे. कॅन्सरची असण्याचीच शक्यता जास्त. बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण किडनी काढावी लागेल."

नवऱ्याने माझा हात धरला. पुण्यात आल्यापासून लोकांसमोर पहिल्यांदा.

मी विचारलं, "डॉक्टर, पहिल्या फोटोत होती का?"

 त्यांनी पहिला फोटो वळवून कडेला बोट ठेवलं. खड्याच्या वर एक लहानसा करडा फुगवटा. "खडा सापडला की माणूस पुढे बघायचं थांबतो," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी हा फोटो शेजारी ठेवून पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं."

"तेव्हा सापडली असती तर किडनी वाचली असती? थोडी तरी?"

"कदाचित," ते म्हणाले. "गाठ तेव्हा कडेला होती. आता आत मुळाशी गेलीय."

त्यांनी खोटं सांगितलं नाही याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. पण "कदाचित" हा शब्द पचत नाही. "नाही" म्हणाले असते तर मी नशिबावर टाकून मोकळी झाले असते. "हो" म्हणाले असते तर कुणाला तरी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनचं फार सांगत नाही, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, आठला सिस्टर अंगाखालची चादर बदलणार, तीही तुम्हाला न उठवता. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची, ही युक्ती शेजारच्या खाटेवरच्या आजींनी शिकवली. नवऱ्याने पोळ्या करायचा प्रयत्न केला. मुलीने डब्यात चिठ्ठी घातली, "आई, बाबांची पोळी खाऊ नकोस, टाके तुटतील." हसताना खरंच तुटतील असं वाटलं.

माय दोन रेल्वे बदलून एकटी आली. आल्यावर तिने पहिला प्रश्न सर्जनना विचारला, "तुमी इथंच राह्यता ना? जात तर नाही?" ते म्हणाले, "नाही आजी, इथेच आहे." ती म्हणाली, "मंग ठीक हाय."

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण किडनीच्या आतच होती. औषधं लागली नाहीत. फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी.

तक्रार

घरी आल्यावर मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं. नवरा म्हणत होता, "कायले वैर घेतं? पुढं बी तिथंच जा लागते." त्याची भीती मला कळत होती. आमच्यासारख्यांना सवलत मिळते ती उपकारासारखी वाटते, आणि उपकार करणाऱ्याला जाब कसा विचारायचा? तरी लिहिलं. चार पानं, माझ्या अक्षरात. शुद्धलेखन मुलीने तपासलं.

उत्तर आलं ते असं: आपण उल्लेख केलेले तिन्ही डॉक्टर सध्या आमच्या संस्थेत कार्यरत नाहीत, त्यामुळे खुलासा मागवता येत नाही.

 मी त्या तिघांविरुद्ध लिहिलंच नव्हतं. ते तिघे वाईट नव्हते. दुसऱ्या वेळच्या मॅडम तर उभ्याउभ्या बिस्किट खाऊन पुढचा पेशंट घेत होत्या, मी पाहिलंय. मी विचारलं होतं ते हे, की ज्या विभागात दर महिन्याला नवा माणूस येतो तिथे मागच्याने काय पाहिलं हे पुढच्याला कोण सांगतं? त्याचं उत्तर त्यांनी माझ्याच हातात लिहून दिलं. माणूस गेला, प्रश्न संपला. इतकं महागाचं मशीन घ्यायला पैसा आहे, ते बघणारा एक माणूस टिकवायला नाही. या शहरात रोज नवी काचेची इमारत उभी राहते, आणि माझ्या पोटाची आठवण एका टायपिस्टच्या डोक्यात होती, आणि त्याला ती बोलायची परवानगी नव्हती.

मी दुसरं पत्र टाकलं. त्याचं उत्तर अजून नाही. मी तिसरं टाकणार आहे.

मागच्या महिन्यातली तपासणी

मागच्या महिन्यात पुन्हा त्याच खोलीत गेले. पुन्हा नवे डॉक्टर, अगदी मुलासारखे. ते नळी हातात घेऊन पोटाला लावणार, तोच मी उठून बसले आणि फाइल पुढे केली.

"आधी हे बघा."

"बाहेर खूप रांग आहे हो."

"मला माहितीये. मी त्या रांगेतच होते. मला एकच उरलीय, डॉक्टर. आधी बघा, मग हात लावा."

ते माझ्याकडे जरा वैतागूनच बघत होते. मग फाइल उघडली. दुसऱ्या कागदाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी सगळे फोटो एकेक करून उजेडाच्या डब्यावर लावले आणि जवळ जाऊन पाहिले. नंतर माझी तपासणी केली, उजवी बाजू दोनदा, पोट सगळं, आणि पार्टिशनपलीकडच्या साठेकाकांना प्रत्येक गोष्ट स्वतः सांगितली. मी प्रत्येक शब्द ऐकला.

"चांगली आहे तुमची किडनी," ते म्हणाले. "काही नाही त्यात."

छापलेला कागद आला. त्यांनी पेन काढलं आणि खाली एक गिचमीड ओढली.

"नाव पूर्ण लिहा ना, डॉक्टर. वाचता येईल असं. खाली फोन नंबर पण."

"काकू, माझा शनिवारी शेवटचा दिवस आहे इथे."

"म्हणूनच तर सांगते," मी म्हटलं. "लिहा."

त्यांनी लिहिलं.